लेकरू ज्या नावाला चूप झालं

मु. मोहटोला, पो. लाखांदूर, जि. भंडारा
दि. ८ ऑक्टोबर १९८४

श्री. जागेश्वर सेवकराम लांजेवार यांस,
रुखमाचा नमस्कार.

तुमचं पत्र शनिवारी पोचलं. तुम्ही घातलं होतं गोपी भाऊजींच्या नावानं, पण तुमचा भाऊ अजून अंगठाच लावतो. घरातली पत्रं मीच वाचते हे पोस्टमनला ठाऊक आहे, म्हणून त्यानं ते बालवाडीतच माझ्या हातात दिलं. त्यामुळं आजच्या घडीला ते माझ्याशिवाय कोणी वाचलेलं नाही. आज सोमवार. दोन दिवस ते माझ्या पिशवीत पडून आहे.

इकडे सर्व खुशाल. पाऊस यंदा बेताचाच झाला, पण बोडीत पाणी होतं म्हणून धान निभावलं. हलका धान कापणीला आला आहे. तुमची भुरी म्हैस जाऊन सहा वर्षं झाली, तिची पारडी आता दोन वेळ दूध देते. तुमच्या मायचे गुडघे धरले आहेत, ओसरीतून अंगणात यायलाही काठी लागते. डोळ्यानं बरं दिसतं. जीभ तर काय, पहिल्यासारखीच आहे, सकाळी उठल्यापासून पंचफुलाला आणि मला दोघींना पुरते. पंचफुला म्हणजे भाऊजींची बायको, तुमसराकडच्या बपेऱ्याची. तुम्ही गेल्यावर लग्न झालं, म्हणून तुम्हाला माहीत नाही. स्वभावानं चांगली आहे.

तुम्ही लिहिता, दिवाळीच्या आधी येतो. भिलाईत आता तुमचं कोणी राहिलं नाही. पोरगी तिच्या मामानं नेली. तब्येत साथ देत नाही. आईला सांगा. आणि खाली, कागद संपत आला तिथं, बारीक अक्षरात, "रुखमा असेल तर तिलाही सांगा."

असेल तर! वा रे वा. कुठं जाणार होती रुखमा? तेरा वर्षं ती याच घरात शेण काढते आहे. पण बरोबर आहे तुमचं. माणूस बाजारातून उशिरा आला तर विचारतोच ना, वांगी उरली असतील तर द्या म्हणून.

तर तुम्हाला आधी एक बातमी द्यायला पाहिजे. तुम्ही वारलात. या कार्तिकात नऊ वर्षं होतील.

हसू नका. गावात कोणालाही विचारा. तुमचा दहावा झाला, तेरावी झाली, साकोलीपर्यंतचे सोयरे जेवून गेले. दर पितृपक्षात तुमच्या नावानं पान वाढतो, गेल्याच महिन्यात वाढलं. वडे तुम्हाला कडक आवडत, म्हणून तुमची माय अजून मला म्हणते, "थोडे जास्त लाल होऊ दे वं." तुम्ही येऊन उभे राहिलात तर काय होईल याचा विचार करा. म्हणून हे पत्र. येण्याआधी तुम्हाला सगळं माहीत असावं. मग काय करायचं ते करा.

झालं असं. पंच्याहत्तर साली पंचफुलाला पहिला मुलगा झाला. सव्वा महिन्याचा झाला आणि रडायला लागला. रडणं म्हणजे कसं, पाय पोटाशी आखडून, मुठी आवळून, तोंड लालेलाल. दूध पिऊन झालं की सुरू. मीठ-मिरच्या ओवाळल्या, बेंबीवर हिंग लावला, घुटी दिली. भगताचा अंगारा झाला. लाखांदूरच्या डॉक्टरनं गुलाबी औषध दिलं, ते त्यानं डॉक्टरच्याच सदऱ्यावर ओकलं. सात दिवस झाले. पंचफुला भिंतीला धरून चालायला लागली. भाऊजी वावरातून घरी यायला तयार नाहीत. शेवटी तुमची माय म्हणाली, "कोनीतरी आलं आहे. नाव मागून राहिलं. केशरबाईले बोलवा."

भिलाईत राहून आपल्याकडची रीत विसरला असाल, म्हणून लिहिते. लेकरू काही केल्या राहत नसलं तर घरातलं मेलेलं माणूस त्याच्या रूपानं परत आलं असं धरतात. केशरबाई पाण्याच्या गडव्यात तांदळाचा एकेक दाणा टाकते आणि मेलेल्यांची नावं घेते. ज्या नावाला लेकरू चूप होईल तो आला, तेच नाव ठेवायचं. आणि सगळी नावं सरली तरी रडणं सरलं नाही, तर जे घरातून गेले आणि खबर नाही त्यांचंही नाव घ्यायचं. त्या नावाला चूप झालं, तर समजायचं तो माणूस तिकडं संपला. संपल्याशिवाय परत कसा येईल? आपल्या वस्तीतल्या शकुनबाईचा दीर असाच मेला. तेंदूपत्त्याच्या कामावर गेला तो दिसलाच नाही, आणि सहा वर्षांनी पुतण्याच्या रडण्यात सापडला.

दिवाळी होऊन चार दिवस झाले होते. दुपारची वेळ. ओसरीत केशरबाई गडवा घेऊन बसली, समोर तुमची माय, खांबाशी भाऊजी. पंचफुलाला घेरी येत होती, म्हणून लेकरू माझ्या मांडीवर होतं.

"सेवकराम आला का रे बाबा?" केशरबाईनं तुमच्या वडिलांपासून सुरुवात केली. दाणा टाकला. लेकरू रडतच होतं.

"मालनबाई आली का? पुंडलिक आला का?" तुमची आजी झाली, चुलते झाले, लहानपणी देवीनं गेलेल्या तुमच्या दोन बहिणी झाल्या. घसा बसला होता लेकराचा, पण थांबेना.

केशरबाईनं विचारलं, "घरातून गेलेलं, खबर नसलेलं कोनी?"

भाऊजी एकदम म्हणाले, "नाई. तसं कोनी नाई आमच्या इथं." आणि उठून अंगणात गेले. केशरबाई गडवा उचलायला लागली. तेव्हा तुमची माय बोलली. एवढ्या हळू, की मलाच ऐकू आलं असेल. "जागेश्वर."

केशरबाईनं दाणा टाकला. "जागेश्वर आला का रे बाबा?"

आणि लेकरू चूप झालं.

नुसतं चूप नाही, डोळे मिटून सुस्कारा टाकला त्यानं. नऊ दिवसांत पहिल्यांदा घरात चिमण्यांचा आवाज ऐकू आला. केशरबाईनं कपाळाला हात लावला. तुमची माय ओरडली. ते ओरडणं रडण्याचं होतं की आनंदाचं, हे मला आज नऊ वर्षांनीही सांगता येत नाही. भाऊजी अंगणातून धावत आले आणि मायच्या पायाशी बसून लहान पोरासारखे रडले. त्यांचा तुमच्यावर जीव होता. तुम्हाला माहीत असावं.

मग काय, रीतीप्रमाणं सगळं झालं. प्रेत नाही म्हणून पळसाच्या पानांचा पुतळा केला, तीनशे साठ पानं मोजून आणली. नारळाचं डोकं. बोडीच्या पाळीवर भाऊजींनी अग्नी दिला. दहाव्याला पिंड ठेवला तर कावळा बघताबघता शिवला. लोक म्हणाले, पुण्यवान जीव, काही वासना राहिली नाही. मी मनात म्हटलं, राहील कशी? त्यांना सगळं मिळालं आहे.

माझ्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. मी रडले. खोटं नाही रडले.

मुलाचं नाव जागेश्वर ठेवलं. तुमची माय त्याला मांडीवरून खाली ठेवीना. आजही पहिली भाकर त्याला. पंचफुलानं धपाटा घातला तर म्हातारी काठी उगारते, "माझ्या लेकाले मारतं का वं?" पंचफुला बिचारी माझ्याकडं बघते, तिचा मुलगा तिला पूर्ण कधी मिळालाच नाही. मी त्याला बाबू म्हणते, ते नाव माझ्या तोंडातून निघत नाही. मागच्या उन्हाळ्यात तो माझ्याजवळ येऊन विचारतो, "मोठी आई, मी आधी मेलो तवा मले लई दुखलं होतं का?" आठ वर्षांचं पोर! मी म्हटलं, "नाही रे, झोपेत गेलास." मग तो खेळायला गेला. मी चूल पेटवायला घेतली, ती दोन काड्या विझल्या तरी पेटेना.

आता बालवाडीचं सांगते. सत्त्याहत्तर साली सरकारची बालवाडी निघाली. सातवी शिकलेली बाई पाहिजे होती. सरपंच म्हणाले, विधवा आहे, गरीब गाय आहे, तिलाच द्या. तेव्हापासून मी बालवाडीची बाई. तीस-पस्तीस पोरं असतात, मागं कडेवरची भावंडंही येतात. कोणाचंही लेकरू थांबत नसलं की माझ्याकडं आणतात. माझी एक पकड आहे. लेकरू पालथं घ्यायचं, डाव्या हातावर लांब, त्याचं डोकं आपल्या कोपराच्या खोबणीत, दोन्ही पाय मनगटाच्या दोन बाजूंनी लोंबते, आणि तळहात पोटाखाली, किंचित दाबून. पोटातला वारा सरतो. शंभरातली नव्वद लेकरं तिथल्या तिथं चूप. गावातल्या बाया तिला रुखमाबाईचा हात म्हणतात. नर्सबाई आल्या होत्या त्यांनीही बघून घेतला. विचारलं, "कुणी शिकवलं?"

मी म्हटलं, असंच, येता येता आलं.

तुम्ही ओळखलं असेल. तुमच्याइतकं कोण ओळखणार? की अजून नाही?

बरं, मग मागून सांगते.

आपली सुलोचना आठवते का? चार महिने होती. दिवस कलला की तीही अशीच रडायची, पाय आखडून. मी अठरा वर्षांची, मला काय कळतं? तुम्ही वावरातून यायचे आणि म्हणायचे, "हिले घेऊन गोठ्यात जा. मानसानं दिवसभर राबावं अन् घरी येऊन हे आयकावं का?" मी जात होते. गोठ्यात ढोरांच्या शेपट्या चुकवत तिला खांद्यावर घेऊन फिरायची. एकदा, फक्त एकदा, मी म्हटलं, "थोडी घ्या, माझा हात भरून आला." तुम्ही म्हणालात, "बाईचं काम आहे ते." चार महिन्यांत तुम्ही तिला एकदाही उचललं नाही. श्रावणात ताप आला, तीन दिवसांत गेली. तेव्हा तेवढी उचललीत, पुरायला न्यायला.

महिन्याभरात तुम्ही भिलाईला गेलात. कारखान्यात काम मिळतं म्हणून. दोन पत्रं आली, मग बंद.

चौऱ्याहत्तर साली लाखनीचे ताराचंद किराणावाले मला बाजारात भेटले. जावयाकडं भिलाईला जाऊन आले होते. म्हणाले, "वयनी, जागेश्वर जिता हाय. पर..." आणि पुढं बोलेनात, हळदीचं पुडकं बांधत बसले. ते "पर" मला पुरलं. मी घरी माहेरी जाते म्हणून सांगितलं आणि साकोलीहून राजनांदगावच्या गाडीत बसले. तिथून पुढं विचारत विचारत. आयुष्यात कधी एकटी लाखनीच्या पलीकडं गेले नव्हते.

हो, आले होते मी. तुम्हाला माहीत नाही. तुमच्या झोपड्यांच्या ओळीसमोर नळ आहे ना, तिथं बायांच्या रांगेत उभी होते, पदर पुढं ओढून. सकाळचे नऊ-दहा वाजले असतील. तुम्ही लुंगीवर अंगणात होता. ती भांडी घासत होती. आणि तुमच्या हातात लेकरू होतं, रडत होतं. ती हसून तुम्हाला काहीतरी म्हणाली. तुम्ही लेकराला पालथं केलं, डाव्या हातावर लांब घेतलं, डोकं कोपरात, तळहात पोटाखाली, आणि "हूं हूं, हूं हूं" करत इकडून तिकडं फिरायला लागलात. ते चूप झालं. तुम्ही वाकून त्याच्या टाळूचा मुका घेतलात.

रांगेतल्या एका बाईनं मला विचारलं, "किसके घर जाना है, बहन?" मी म्हटलं, "किसी के नहीं."

मी तुम्हाला हाकही मारली नाही. काय म्हणून मारू? दुसरी बाई केली याचं मला एवढं वाटलं नाही हो. पुरुष करतात, बाया गिळतात. पण तुम्हाला लेकरू धरता येत होतं! तुम्हाला येत होतं आणि माझ्या पोरीला तुम्ही गोठ्यात पाठवलंत. कदाचित तेव्हा येत नसेल, नंतर शिकला असाल. मी हाही विचार केला आहे. पण मग नंतर तरी काहून शिकलात? कोणाच्या लेकरासाठी शिकलात? माझ्यासाठी तुम्ही तिथंच, नळासमोर मेलात. पुढचं सगळं नुसती रीत होती.

घरी येऊन मी कोणाला सांगितलं नाही. सांगून काय? विधवेसाठी लोक हळहळतात, टाकलेलीला हसतात. "काय कमी केलं वं, म्हणून सोडून गेला?" हे मी चार वर्षं ऐकतच होते. माहेरचे भाऊ म्हणत, वाट पाहा. आटा चक्कीवरचे रिकामटेकडे म्हणत, कायले वाट पाहतं. आणि मी रोज सकाळी तुमच्या नावाचं कुंकू लावून हे सगळं ऐकायचं.

मग पंचफुलाचं लेकरू रडायला लागलं. सातव्या दिवशी मी त्याला घेऊन गोठ्यात गेले होते. खांद्यावर राहीना. तुमचा हात आठवला. तसं घेतलं. दोन मिनिटांत चूप.

मी तिथंच उभी होते, आणि ओसरीतून तुमच्या मायचा आवाज आला, "परवा केशरबाईले बोलवतो." केशरबाई शेवटी कोणाची नावं घेते हे मला माहीत होतं.

मी लेकराला पुन्हा खांद्यावर उभं घेतलं. ते रडायला लागलं. मी ते रडतंच बाहेर आणून पंचफुलाच्या हातात दिलं.

दोन दिवस. दोन दिवस त्या लेकराला मी थांबवू शकत होते आणि मी थांबवलं नाही. पंचफुला पदराचा बोळा तोंडात घालून रडत होती, मी चुलीपाशी बसून भाकरी थापत होते. आणि तिसऱ्या दिवशी तुमचं नाव निघालं तसं मी त्याला मांडीवरून उचलून पालथं हातावर घेतलं. एवढंच केलं. तुम्ही तुमच्याच हातानं मेलात म्हणा ना.

झालं. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगितलं, कारण तुमचं मत काय होईल याची मला पर्वा नाही.

तर येऊ नका. तुम्ही आलात तर म्हातारीला कळेल की तिचा लेक तिला जिवंतपणी विसरला होता, आणि सुनेनं तिला फसवलं. बाबूला कळेल की तो कोणीच नाही. आणि मला लोक पुन्हा कुंकू लावायला सांगतील, तुमच्या नावाचं. ते मी लावणार नाही. मी तुमचं पत्र चुलीत टाकणार आहे. तुम्ही समजा की ते पोचलंच नाही.

दि. १३ ऑक्टोबर

वरचं लिहून ठेवलं होतं, टाकलं नव्हतं. लाखांदूरला जाणारं कोणी मिळालं नाही असं मी स्वतःला सांगत होते. आता पुढचं त्याच कागदावर लिहिते.

परवा दुपारी पंचफुला आणि भाऊजी धान कापायला गेले, बाबू शाळेत. मी म्हातारीच्या गुडघ्याला तेल चोळत होते. ती म्हणाली, "कोनाचं पत्र आहे तुह्या पिशवीत? पाच दिवस झाले, धड जेवून नाई राहिली तू."

मी म्हटलं, "बालवाडीचं आहे, सरकारी."

"सरकारच्या पत्रानं कोनी रडत नाई वं."

मग मी काय लपवणार? दिलं तिच्या हातात. तिला वाचता येत नाही, तरी तिनं ते उलटसुलट करून पाहिलं, नाकाशी धरलं. "जिता हाय?"

"हो."

"तब्येत?"

"बरी नाही म्हणतात."

तिनं पत्र छातीशी धरून डोळे मिटले. मी घाबरले, म्हटलं म्हातारीचा जीव जातो की काय. मी तिचे पाय धरले आणि सगळं सांगायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "तू काय सांगतं मले? ताराचंदनं मले तुह्या आधी सांगतलं होतं."

मी तिचे पाय सोडले.

"चवऱ्याहत्तर सालीच. घरी येऊन सांगून गेला. तू माहेरी जातो म्हनून गेली अन् तिसऱ्या दिवशी तोंड बांधून आली, तवाच मले समजलं का तू कुठं जाऊन आली. तू बोलली नाई, मी बोलली नाई."

"मग तुम्ही त्यांचं नाव काहून घेतलं केशरबाईपाशी? जिवंत आहेत हे माहीत असून?"

तिनं पदरानं डोळे पुसले नाहीत. तसेच वाहू दिले. म्हणाली, "कोनी घेत नव्हतं ना. तू त्याचं नाव घेऊ शकत नव्हती. गोपी उठून गेला. तुह्या तोंडाकडं पाहिलं मी. म्हटलं, पोरगी सुटल. अन् मले वाटलं, जिता तर येत नाई, मरून तरी घरी येईल."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि रडले. तिच्यापाशी अशी, तेरा वर्षांत पहिल्यांदा. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग काढून घेतला.

"पर एक आयक," ती म्हणाली. "गोठ्यात ते लेकरू तुह्या हातावर चूप झालं होतं. मी दारातून पाहिलं. मंग दोन दिवस तू त्याले तसं धरलं नाई. जागेश्वरले मारलं, त्याचं मले काई नाई. लेकराले रडवलं, ते मी तुले माफ नाई केलं."

मला राग आला. खरंच आला. मी म्हटलं, "तुम्ही पाहिलं होतं तर तुम्ही काहून नाही सांगितलं पंचफुलाला? तुम्हीही दोन दिवस ऐकतच होता ना?"

"म्हनूनच तर," म्हातारी म्हणाली. "मलेही नाई केलं माफ. त्याले पहिली भाकर उगाच देतो का मी?"

ऊन अंगणातून ओट्यावर आलं. तेलाची वाटी तशीच पडली होती.

काल सकाळी तिनं मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "लिही त्याले." तिनं सांगितलं तसं लिहिते. माझं काही घातलेलं नाही.

"जागेश्वर, तुह्या बापाच्या शेजारी नऊ वर्षं तुहं पान वाढलं. तू जेवला. आता तुहं मागं काई राहिलं नाई. या घरात एक जागेश्वर हाय, तो चौथीत हाय. त्याचं नाव मी परत घेऊ शकत नाई, अन् तुले दुसरं नाव मी ठेवलं नाई. येऊ नको."

एवढं सांगून ती कूस बदलून निजली. मी कागद घडी करायला लागले, तर भिंतीकडं तोंड करूनच म्हणाली, "तब्येतीले काय झालं ते इचार. मी इचारलं असं लिहू नको."

मी लिहिलं आहे. तिचं मी सगळं ऐकत आले, हे एक ऐकलं नाही.

तर तब्येतीला काय झालं ते कळवा. डॉक्टर काय म्हणतो, खोकल्यातून रक्त पडतं का, पोट धरतं का, सगळं स्पष्ट लिहा. ती विचारत राहील आणि मला खोटं सांगायला लागू नये. इकडून भिलाईला येणाऱ्या कोणाच्या हाती तिळाचे लाडू आणि औषधापुरतं काही पाठवता आलं तर पाठवीन, ते तिच्याकडचं समजा. माझ्याकडचं काही नाही.

पत्र घरी पाठवू नका. बालवाडीच्या पत्त्यावर, माझ्या नावानं पाठवा. पोस्टमन गावचाच आहे, पाकीट चार जणांच्या हातून येतं, सगळे नाव वाचतात. तेव्हा माझ्या नावामागं सौ. लिहू नका. खाली मी जसं लिहिलं आहे तसंच, पूर्ण, तुमच्या हातानं लिहा.

गं. भा. रुखमा जागेश्वर लांजेवार